जोंधळ्याच्या किड्याचें देशाटन

इतिहास म्हटला म्हणजे राजे, तह आणि लढाया, असा समज आपल्या मनांत शाळेंतल्या दिवसांपासून रुजलेला असतो. परंतु धान्यांचा, तणांचा आणि किड्यामुंग्यांचाही एक इतिहास आहे. त्याला शिलालेख नाहींत कीं बखरी नाहींत. तरी त्याचे परिणाम आपल्या भाकरीला राजांच्या लढायांपेक्षां कितीतरी जवळचे असतात. २०१८ सालचा पावसाळा संपतां संपतां सोलापूर जिल्ह्यांत मक्यावर आणि सांगली जिल्ह्यांत उंसावर एक अनोळखी अळी दिसूं लागली, तेव्हां ह्या इतिहासाचें एक पान आपल्याच दारांत येऊन पडलें. ही अळी मूळची अमेरिकेची. आफ्रिका पादाक्रांत करून ती भारतांत उतरली होती. 'लष्करी अळी' हें तिचें नांव थोड्याच दिवसांत सर्वांच्या तोंडीं झालें, आणि परक्या देशानें आपल्यावर हें संकट लोटलें अशी भावना साहजिकच बळावली.

ह्या संकटाची हकीकत सांगतांना एक जुनी नोंद मात्र बहुधा राहून जाते. आफ्रिकेंतून ही कीड आपल्याकडे येण्याच्या सुमारें नव्वद वर्षें आधीं आपल्या बाजूचा एक किडा आफ्रिकेंत गेला होता; त्यानें तेथें घर केलें, वंश वाढविला आणि तेथील गोरगरिबांच्या मक्या-जोंधळ्याचें नुकसान करीत तो आजतागायत तेथेंच आहे. देण्या-घेण्याच्या ह्या वहींतील आपल्या नांवावरची बाजू वाचल्यावांचून दुसरी बाजू नीट समजावयाची नाहीं. म्हणून ह्या लेखांत त्या किड्याची कथा आधीं सांगावयाची आहे.

प्रथम ह्या प्रवाशाची ओळख करून घेऊं. शेतकरी त्याला नुसता 'खोडकिडा' म्हणतो. शास्त्रीय ग्रंथांत त्याचें नांव 'चिलो पार्टेलस' असें आहे. पतंग म्हटल्यावर दिव्याभोंवतीं फिरणारें एखादें रंगीत पांखरूं डोळ्यांपुढें येतें. हा त्यांतला नव्हे. पंख पसरले असतां तो जेमतेम इंचभर भरतो. पुढचे पंख वाळल्या कडब्याच्या रंगाचे, मागचे पांढुरके. नर मादीहून लहान आणि किंचित् काळसर. दिवसा तो पात्याला चिकटून बसला म्हणजे वाळल्या पात्याचाच तुकडा वाटावा. पंख फुटल्यानंतरचें त्याचें आयुष्य थोड्याच दिवसांचें. तेवढ्या अवधींत मादी पानांवर चपटीं अंडीं पुंजक्यापुंजक्यांनीं घालते. माशाच्या खवल्यांप्रमाणें तीं एकमेकांवर चढलेलीं असतात. चार-सहा दिवसांनीं त्यांतून अळ्या निघतात, पोंग्यांत शिरतात आणि गुंडाळलेलें कोंवळें पान कुरतडतात. तें पान पुढें उलगडलें कीं त्यावर भोंकांची आडवी रांग दिसते; मुलानें घडी घातलेल्या कागदांत एकदांच सुई टोंचावी आणि उलगडल्यावर भोंकांची ओळ निघावी, तसाच हा प्रकार. मोठी झालेली अळी मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची, पाठीवर ठिपक्यांच्या चार लांब ओळी मिरविणारी असते. ती खोडांत उतरते. रोप कोंवळें असलें तर मधला पोंगाच सुकतो. ह्याला 'पोंगेमर' म्हणतात. रोप वाढलेलें असलें तर धाट आंतून पोखरलें जातें, कणसांत दाणा नीट भरत नाहीं आणि जोराच्या वाऱ्यानें पीक मोडून पडतें.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा सारा फेरा साधारण महिना-सव्वा महिन्याचा. परंतु पीक निघालें, हवा कोरडी पडली, म्हणजे ह्या किड्याचा एक विलक्षण गुण प्रकट होतो. वाळल्या धाटाच्या पोकळींत ही अळी न खातां, न वाढतां, महिनेच्या महिने निजून राहते. बाहेर उन्हाळा पेटलेला असतो, धाट शेतांत उभें असतें किंवा गंजींत रचलेलें असतें; तिला त्याचें सोयरसुतक नसतें. पहिल्या पावसाची ओल आली कीं ती जागी होते, कोषांत जाते आणि नवा पतंग उडतो. पुढील सारी कथा ह्या झोंपेवर उभी आहे.

शास्त्राच्या दरबारांत ह्या पतंगाची नोंद झाली ती दख्खनच्या अभ्यासांतूनच. चार्ल्स स्विन्हो हा १८३८ सालीं कलकत्त्यास जन्मलेला लष्करी अधिकारी. त्याचा भाऊ रॉबर्ट चीनमधील पक्ष्यांच्या अभ्यासासाठीं प्रसिद्ध आहे. १८८३ सालीं मुंबईंत आठ गृहस्थांनीं 'बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन ह्या दोन मराठी विद्वानांबरोबर त्या आठांत हा स्विन्होही होता. मुंबई आणि दख्खन येथील फुलपांखरें व पतंग ह्यांवर त्यानें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतांत लेख प्रसिद्ध केले. १८८५ सालच्या त्या लेखनांत 'पार्टेलस' हें नांव प्रथम आलें. आदल्या वर्षीं ह्याच पतंगाला त्यानें 'झोनेलस' असें नांव दिलें होतें. परंतु तें नांव आधींच दुसऱ्या एका पतंगाकडे गेलेलें निघाल्यामुळें शास्त्राच्या नियमानुसार बाद झालें. तरीही आपल्या देशांतील शेतकीच्या पुस्तकांत 'झोनेलस' हेंच नांव पुढें कित्येक वर्षें चालत राहिलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एखाद्या प्राण्याला नांव जेथें मिळालें तें त्याचें जन्मस्थान असलेंच पाहिजे, असें नाहीं. त्या ठिकाणीं त्या दिवशीं हातांत टांचणी आणि लेखणी घेतलेला कोणी अभ्यासू होता, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. नांवें आणि सीमा ह्या माणसांच्या सोयीच्या वस्तू. ज्या मुलखाला आपण आज सांगली जिल्हा म्हणतों तो १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' ह्या नांवानें अस्तित्वांत आला आणि १९६० सालीं 'सांगली' झाला. त्यापूर्वीं ह्याच भूमींत सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. कृष्णेकांठच्या एकाही पतंगाला ह्या बदलांची वार्ता लागली नाहीं. त्याची हद्द वेगळ्याच गोष्टींनीं ठरते: त्याचें अन्न कोठें आहे, तें किती दिवस टिकतें, आणि माणूस तें कोठून कोठें नेतो.

आतां त्या अन्नाकडे वळूं. जोंधळा आपल्याला इतका आपला वाटतो कीं तो परमुलखांतून आला असेल हें मनाला पटत नाहीं. माण, खटाव, आटपाडी, जत ह्या कमी पावसाच्या तालुक्यांतील माणसाला शाळूची भाकरी म्हणजे मातीइतकीच जुनी वाटते. परंतु हें धान्य आफ्रिकेचें. सुदानच्या पूर्व भागांत सांपडलेल्या खापरांवर दाण्यांचे आणि तुसांचे ठसे आहेत. सुमारें पांच हजार वर्षांपूर्वीं तेथील लोक जोंधळा पेरून खाऊं लागले होते, असें त्यांवरून दिसतें. पुढें सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं तो भारतांत आला. बाजरीही तशीच पश्चिम आफ्रिकेंतून आली. म्हणजे आपली भाकरी ही मुळांत आफ्रिकेची देणगी आहे.

किडा मात्र आशियाचाच. जोंधळा येण्यापूर्वीं तो येथील जाड खोडाच्या रानगवतांवर उपजीविका करीत असावा, असा तर्क करणें भाग आहे. आफ्रिकेहून आलेलें हें रसरशीत, उंच, एकरकमी पेरलेलें गवत त्याच्यापुढें मेजवानीसारखें वाढलें गेलें. पुढें पोर्तुगीजांच्या काळांत अमेरिकेंतून मका आला, तेव्हां त्याला दुसरें पक्वान्न मिळालें. पाहुणी धान्यें येथें स्थायिक झालीं, आणि येथल्या किड्यानें त्यांच्याशीं कायमचा संबंध जोडला.

मग १९३० साल उजाडलें. आफ्रिकेच्या आग्नेय भागांतील न्यासालँड, म्हणजे आजचा मलावी, येथें हा पतंग प्रथम आढळला आणि दोन वर्षांनीं त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. भारताचा पश्चिम किनारा आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा ह्यांच्यामध्यें शतकानुशतकें गलबतांची ये-जा चालू होती. पुढें आगबोटी आल्या, मजूर गेले, व्यापारी गेले, त्यांच्याबरोबर धान्य, चारा आणि बांधाबांधीचें सामान गेलें. इंचभर पंखांचा हा पतंग समुद्र उडून जाणें शक्य नाहीं. परंतु वाळल्या धाटांत निजलेल्या अळीला उडण्याची गरजच नव्हती. ती झोंपेंतच परदेशीं पोंचूं शकत होती.

पहिलीं सुमारें वीस वर्षें ह्या नव्या रहिवाशाचा गवगवा झाला नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत मात्र तो टांगानिका, केनिया, युगांडा अशा देशांतून एकामागून एक आढळूं लागला, आणि १९५८ सालीं दक्षिण आफ्रिकेंत त्याची नोंद झाली. पुढें इथिओपिया, सुदान, मोझांबिक, बोट्स्वाना येथेंही तो पसरला. प्रथम त्यानें उष्ण आणि सखल प्रदेश धरला. मागाहून तो उंचावरील थंड पठारांकडेही सरकूं लागला. केनियाच्या किनाऱ्यावर त्याच्याच कुळांतला एक देशी खोडकिडा होता. तो हळूहळू मागें पडला. दक्षिण आफ्रिकेच्या पठारावरील जुन्या देशी किड्यालाही त्यानें कांहीं भागांतून हटविलें. कारण असें कीं ह्याचा जीवनक्रम देशी किड्यांपेक्षां लवकर पुरा होतो आणि हंगामाच्या आरंभीं झोंपही लवकर उडते. दुसरे डोळे चोळीत उठण्याआधीं हा पोंग्यांत शिरलेला असतो.

ह्या हकीकतींत अभिमान बाळगण्यासारखें कांहीं नाहीं. पूर्व आफ्रिकेंतील खेडुताचें मुख्य अन्न म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. आपल्याकडे शाळू बुडाला तर घराची जी दशा होते, तीच तेथें मका बुडाल्यानें होते. जोंधळा आफ्रिकेनें आपल्याला दिला आणि त्याच जोंधळ्यावर पोसलेला किडा आपल्या बाजूनें आफ्रिकेस गेला. ह्यांत कोणाचा हेतु नव्हता. परंतु हेतु नव्हता म्हणून नुकसान कमी होत नाहीं.

उपायही मग त्याच वाटेनें शोधावा लागला. नैरोबी येथें १९७० सालीं टॉमस ओढियांबो ह्या केनियन शास्त्रज्ञानें कीटकविज्ञानाची एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली होती. तेथील संशोधकांनीं साधा प्रश्न विचारला: ह्या किड्याच्या मायदेशीं त्याला आळा कोण घालतें? उत्तर होतें, 'कोटेशिया फ्लॅव्हिपेस' नांवाची एक चिमुकली गांधीलमाशी. ही माशी मुंगीहूनही लहान. खोडांत किड्यानें पाडलेल्या बोगद्यांतून ती आंत शिरते आणि त्याच्या शरीरांत अंडीं घालते. तिचीं पिलें अळीला आंतून खाऊन बाहेर पडतात आणि शेजारींच पांढऱ्या कोषांचा पुंजका विणतात. १९९१ सालीं ही माशी पाकिस्तानांतून केनियांत नेण्यांत आली आणि १९९३ सालीं किनाऱ्याजवळच्या शेतांत सोडण्यांत आली. आरंभीं ती दिसेनाशी झाल्यासारखी वाटली. पुढें तिनें जम बसविला आणि कांहीं वर्षांत त्या भागांतील खोडकिड्यांची संख्या सुमारें निम्म्यानें उतरली. किडा गेल्यानंतर साठ वर्षांनीं त्याचा वैरी त्याच्या मागोमाग गेला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्याच संस्थेनें आणि इंग्लंडांतील रोथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनीं १९९० नंतर आणखी एक युक्ति काढली. मक्याच्या ओळींमध्यें डेस्मोडियम नांवाची एक शेंगावर्गी वेल लावावयाची. तिच्या वासानें मादी पतंग दूर पळतो. शेताच्या कडेनें हत्तीगवत लावावयाचें; त्याच्या वासानें ती तिकडे ओढली जाते, परंतु त्या गवताच्या चिकट रसामुळें तिच्या अळ्या बहुधा जगत नाहींत. वेल आणि गवत दोन्हीही गुरांच्या चाऱ्यास उपयोगीं. औषधाच्या डब्यावर पैसा न खर्चितां लहान शेतकऱ्याला करतां येण्याजोगा हा उपाय आहे.

आतां दुसऱ्या बाजूची नोंद पाहूं. जिला आपण लष्करी अळी म्हणतों तिच्या पतंगाचें शास्त्रीय वर्णन १७९७ सालीं इंग्लंडांत छापलें गेलें; अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत राहून जॉन अ‍ॅबट ह्यानें कीटकांचीं चित्रें काढिलीं आणि जेम्स एडवर्ड स्मिथ ह्यानें ग्रंथ रचिला. पुढें दोन शतकांहून अधिक काळ ही कीड अमेरिका खंडांतच होती. २०१६ च्या आरंभीं ती नायजेरिया आणि त्याच्या शेजारच्या देशांत दिसली, आणि दोन वर्षांच्या आंत सहाराच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत पोंचली. मे २०१८ मध्यें कर्नाटकांतील शिवमोगा येथें ती मक्यावर सांपडली. त्याच पावसाळ्यानंतर ती आपल्याकडे आली. २०१९ च्या आरंभीं चीन आणि २०२० च्या आरंभीं ऑस्ट्रेलिया, असा तिचा पुढला प्रवास झाला. भारतांतील अळ्यांच्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा केली असतां तें पूर्व आफ्रिकेंतील अळ्यांशीं बरेंच जुळतें, असें आढळून आलें.

दोघींची तुलना मोठी बोधप्रद आहे. लष्करी अळीचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, दीड इंचापर्यंत पंख पसरणारा, म्हणजे खोडकिड्याच्या पतंगाहून मोठा. अळीच्या डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटें काढल्यासारखी पांढुरकी खूण आणि शेंपटाजवळ चौकोनांत मांडलेले चार काळे ठिपके, ह्यांवरून ती ओळखावी. एक मादी हजाराहून अधिक अंडीं घालते. परंतु खरा भेद निराळा आहे. खोडकिडा झोंपतो, लष्करी अळीला झोंप ठाऊकच नाहीं. तिला बारा महिने ऊब आणि बारा महिने हिरवें अन्न लागतें. उत्तर अमेरिकेंतही हिवाळ्यांत ती फक्त फ्लोरिडा-टेक्ससच्या दक्षिण टोंकाशीं जगते आणि दरवर्षीं उन्हाळ्यांत वाऱ्याबरोबर शेंकडों मैल उडून पुन्हां उत्तरेस जाते. एकीचा प्रवास झोंपेनें घडला, दुसरीचा जागेपणानें. एकीला वाळलें धाट हवें, दुसरीला हिरवा मळा.

ह्या दोन्ही वस्तु सातारा-सांगलीच्या भूमींत समोरासमोर मांडलेल्या आहेत. पश्चिमेकडे कृष्णा-वारणेच्या कांठीं ऊंस बारा महिने उभा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ ह्या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत चढविलें आणि तेथेंही बागायती पिकें वाढलीं. हें पाणी त्या मुलखानें पिढ्यान् पिढ्या मागितलें होतें. तें मिळालें ह्यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु हिरवें शेत अखंड राहिलें कीं न झोंपणाऱ्या किडीला अखंड घर मिळतें, आणि झोंपणाऱ्या किड्यालाही झोंपण्याचें कारण उरत नाहीं. उलट जेथें पाणी पोंचलें नाहीं तेथें कडबा हेंच धन आहे. दुष्काळी तालुक्यांत कडब्याच्या पेंढीला कधीं कधीं धान्याइतकें मोल येतें. 'पीक निघालें कीं धाटें जाळा' असा उपदेश पुस्तकांत सोपा असतो; ज्याच्या दावणीला बैलजोडी आणि म्हैस आहे, त्याला तो ऐकतां येत नाहीं. त्याच्या गंजींत पुढल्या वर्षीचा खोडकिडा निजलेला असतो आणि त्याच गंजीवर त्याचीं जनावरें जगावयाचीं असतात.

ह्या पेंचांतून सुटण्याची एक वाट ह्याच जिल्ह्यानें जुन्या काळींच दाखविली होती. तिचा हा उपयोग मात्र त्या वेळीं कोणाच्या मनांत नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं बेळगांवास कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या आश्रयानें, आजच्या सांगली जिल्ह्यांत, किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडानें जमीन नासते ह्या समजुतीमुळें त्यांच्या नांगराला प्रथम फार दिवस गिऱ्हाइक मिळालें नाहीं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. नांगर करणाऱ्याच्या डोळ्यांपुढें खोल मशागत होती. यंत्र करणाऱ्याच्या डोळ्यांपुढें चाऱ्याची काटकसर होती. परंतु लोखंडी फाळानें उलथलेलीं धसकटें उन्हांत पडतात आणि त्यांतला किडा मरतो. यंत्रांत बारीक झालेल्या कडब्यांत अळीला झोंपावयास जागाच राहत नाहीं. कडबाही जळत नाहीं आणि किडाही उरत नाहीं. आज विजेवर चालणारें कुट्टीचें यंत्र खेडोपाडीं पोंचलें आहे. पाऊस पडण्यापूर्वीं गंज कुट्टी करून संपविणें हें जनावरांच्या सोयीइतकेंच पुढल्या पिकाच्या रक्षणाचेंही काम आहे, एवढें ज्यानें त्यानें जाणलें पाहिजे.

किडींचा इतिहास वाचतांना देशी आणि परदेशी ह्या शब्दांचा भरंवसा फारसा धरतां येत नाहीं. मलावींतील शेतकऱ्याच्या दृष्टीनें आपला खोडकिडा हीच परदेशी आपत्ति होय. त्याच्यावर इलाज म्हणून गेलेली माशीही त्याला तितकीच परदेशी, आणि आपण ज्या धान्यावर वाढलों तें धान्य आपल्याला परदेशी. खापर फोडावयास माणूस शोधीत बसल्यानें पोंगा हिरवा होत नाहीं. त्याऐवजीं ज्या वाटेनें संकट आलें ती वाट तपासावी: कोणतें धाट राहिलें, कोणतें शेत अखंड हिरवें राहिलें, कोणता माल न पाहतां बंदरांतून आंत आला. नैरोबीच्या संशोधकांनीं त्याच वाटेनें उलट चालत जाऊन उपाय आणला. आपल्या शेतांतही खोडकिड्याच्या अळीशेजारीं कापसाच्या कणासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो कचरा म्हणून चुरडूं नये. आफ्रिकेनें समुद्रापलीकडून मागवून घेतलेली ती गांधीलमाशी आपल्याकडे आयतीच नांदत आहे.